समुद्र मध्यम राहील

बंदरावरची माणसं त्यांना मध्यमकाका म्हणत, आणि काकांना ते कौतुकच वाटे. हवामान कचेरीच्या सागरी विभागात बसून एकोणतीस वर्षं ते दर्यावर जाणाऱ्यांसाठी रोजचा अंदाज लिहीत होते. वारा कुठून, पाऊस कुठे आणि शेवटी समुद्र कसा. टेबलाच्या काचेखाली तक्ता होता. लाट सव्वा मीटरच्या आत असली तर समुद्र 'सौम्य', सव्वा ते अडीच 'मध्यम', त्यावर 'खवळलेला'. त्या उष्ण समुद्रावर वर्षातले बहुतेक दिवस लाट मधल्याच रकान्यात घुटमळायची, म्हणून काकांचं शेवटचं वाक्य बहुतेक ठरलेलं असे : समुद्र मध्यम राहील.

काकांनी स्वतः बोटीत कधी पाय ठेवलेला नव्हता. त्यांच्या खोलीला खिडकी होती, पण ती गाड्या लावायच्या जागेवर उघडत असे. घरीसुद्धा भाजी कशी झालीय विचारलं की ते "मध्यम" म्हणायचे, आणि बायको कपाळाला हात लावायची.

एका सोमवारी सकाळी बेटावर जाणाऱ्या प्रवासी बोटीवरच्या सफाईवाल्या बाई थेट त्यांच्या टेबलापाशी आल्या. हातात अंदाजाचा कागद होता.

"हे तुम्हीच लिहिता ना, काका?"

"हो. म्हणजे आकडे यंत्राचे, शब्द तक्त्याचे, सही तेवढी माझी."

"मग हा तुमचा मध्यम काल ऐंशी जणांच्या पोटातून बाहेर आला. वरच्या डेकपासून जिन्यापर्यंत. संध्याकाळपर्यंत पुसत होते मी."

काकांनी शांतपणे काचेखालचा तक्ता दाखवला. "हे बघा बाई, लाट दोन मीटर. दोन मीटर म्हणजे मध्यमच."

"ती दोन मीटर समोरून येते का कडेनं? भराभर येते का दमानं? ते कुठं लिहिलंय?"

काकांनी समोरचा फॉर्म पुढे ओढला. फॉर्मवर लाटेसाठी एकच चौकट होती आणि तिच्यात एकच आकडा मावत असे.

"गुरुवारी साडेआठच्या फेरीला या," बाई म्हणाल्या. "एकदा बघा तरी."

काका नकाराची वाक्यं जुळवत होते, तेवढ्यात पलीकडून साहेब उठून आले. वार्षिक अहवालातला 'क्षेत्रभेटी' हा रकाना वर्षानुवर्षं कोरा जात होता. काकांनी घसा खाकरण्याच्या आत साहेबांची मंजुरीची सही झाली.

बुधवारी काकांनी गुरुवारचा अंदाज जरा जास्तच मन लावून लिहिला. वारा मंद, आकाश निरभ्र, लाट पावणेदोन मीटर, समुद्र मध्यम. दक्षिणेला बाराशे किलोमीटरवर एक वादळ घुमत होतं, पण ते इकडे फिरकणार नव्हतं, म्हणून त्याला त्यांनी तळाशी बारीक अक्षरात जागा दिली.

"लिंबू ठेवा खिशात," निघताना बायको म्हणाली.

"लिंबू कशाला? मीच लिहिलंय ना, मध्यम आहे."

बोट धक्क्यावरून सुटली तेव्हा बंदराच्या भिंतीआड पाणी तेलासारखं गुळगुळीत होतं. कडक इस्त्रीच्या शर्टातले काका कठड्याला टेकून शेजारच्या म्हाताऱ्या मावशींना धीर देत होते. "मावशी, बिनधास्त बसा. माझ्या शब्दाबाहेर नाही जायचा समुद्र."

भिंत संपली. वारा नव्हता, फेस नव्हता, आवाजसुद्धा नव्हता. फक्त क्षितिज हळूहळू वर चढू लागलं आणि थेट मावशींच्या डोक्याच्या वर जाऊन थांबलं. मग ते तितक्याच सावकाश खाली गेलं. बोट एका कुशीवर वळली, तिथे क्षणभर विचार करत राहिली आणि दुसऱ्या कुशीवर वळली. दहा मिनिटांत काका पिवळे पडले, पंधराव्या मिनिटाला हिरवे. विसाव्या मिनिटाला ते कठड्यावरून अर्धे बाहेर होते आणि मावशींनी त्यांची कॉलर घट्ट धरून ठेवली होती.

"काका, किती मीटर?" सफाईवाल्या बाईंनी मागून विचारलं. त्यांचा एक हात काकांच्या पाठीवरून फिरत होता.

"पाव... पावणेदोन," काका म्हणाले आणि पुन्हा वाकले.

पण माणूस कामाला पक्का. दोन उमाशांच्या मध्ये त्यांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. एका लाटेच्या माथ्यापासून दुसरीच्या माथ्यापर्यंत चौदा सेकंद. परत मोजलं. चौदाच. जवळच्या वाऱ्याची लाट चार-पाच सेकंदांत येते. एवढी संथ, एवढी लांब लाट दूरच्या वादळाकडूनच येणार. बारीक अक्षरातलं ते वादळ बाराशे किलोमीटर चालून काकांना भेटायला आलं होतं. त्यांनी खिशातल्या वहीत लिहिलं : 'चौदा. कडेने.' पुढचं अक्षर पानाबाहेर गेलं.

बेटावर उतरल्यावर त्यांनी परतीचा रस्ता जमिनीवरून आहे का, अशी दोघांकडे चौकशी केली. नव्हता. परतताना ते डेकवर आडवे पडून आले.

शुक्रवारचा अंदाज असा निघाला : 'समुद्र मध्यम; परंतु दूरच्या वादळाच्या लाटा दर चौदा सेकंदांनी कडेने येत असल्याने बोट फार डोलेल. पोट हलके ठेवावे.'

साहेबांनी तासाभरात बोलावून घेतलं. "पोट हा शब्द आपल्या परिभाषेत आहे का? आणि फार डोलेल म्हणजे नेमकं किती? मोजता यायला हवं."

काकांनी तिथेच उभ्या उभ्या लिहून दिलं : 'डोलेल – उभं राहायला एका हाताचा आधार लागेल. फार डोलेल – दोन्ही हातांचा. अतिशय डोलेल – दोन्ही हात तोंडावर असल्याने आधार घेता येणार नाही.' सोबत फॉर्मवर दुसरी चौकट मागणारा अर्जही जोडला. साहेबांनी दोन्ही कागद खणात सरकवले.

सफाईवाल्या बाईंकडून कळलेली ही मोजणी बंदराने मात्र उचलली. "आज एकहाती का दुहाती?" असं विचारल्याशिवाय कोणी बोट सोडेना.

महिन्याभराने दूरवर पुन्हा वादळ उठलं म्हणून एका लख्ख उन्हाच्या रविवारी काकांनी 'अतिशय डोलेल' लिहिलं, आणि कप्तानाने फेऱ्या रद्द केल्या. काका धक्क्यावर पोचले तोवर गर्दी खवळली होती. नेमके साहेबही सहकुटुंब बेटावर सहलीला निघाले होते.

"अहो, आभाळात ढगाचा ठिपका तरी आहे का?" ते काकांवर गरजले. "माझ्या बायकोने पहाटे उठून डबे भरलेत!"

"साहेब, जरा भिंतीपासून लांब उभे राहा," काका म्हणाले.

"मला शिकवता?"

तेवढ्यात भिंतीपलीकडून काहीच गाजावाजा न करता पाणी वर आलं, भिंतीवर चढलं आणि साहेबांना डब्यांसकट चिंब करून निमूट उतरलं. साहेबांच्या बाईसाहेब कोरड्या होत्या. काकांचं त्यांनी वेळेवर ऐकलं होतं.

सोमवारी दुसऱ्या चौकटीचा अर्ज मंजूर झाला. 'पोट' तेवढं साहेबांनी खोडलं. त्यांचे बूट पुढचे तीन दिवस कचेरीच्या खिडकीत उन्हाला ठेवलेले होते.