ओसरीवरचा बोर्ड

दीपमालाला हसू येतं ते नेमकं नको तिथं. विनोदाला सगळ्यांनाच येतं, त्याचं काही नाही. पण पोटात गोळा आला, घशाला कोरड पडली, की इतर बायका डोळ्याला पदर लावतात आणि हिच्या तोंडून फिस्सकन हसू बाहेर पडतं. अणदूरला माहेरी बघण्याचा कार्यक्रम होता तेव्हा होणारे सासरे बब्रुवान यांनी घसा साफ करून विचारलं होतं, "नाव काय, बाळ?" एवढ्यावर ही अशी हसत सुटली की पोह्यांची ताटली हलली आणि शेंगदाणे थेट पाहुण्यांच्या धोतरात. आईनं कपाळाला हात लावला. बब्रुवान मात्र तेरला परतताना एसटीत बायकोला म्हणाले, "हीच पोरगी करू. आपल्या घरात हसणारं कुणीच न्हाय."

आता लग्नाला दहा वर्षं झाली आणि अक्षदा आठ वर्षांची आहे.

अक्षदा पाच वर्षांची होईपर्यंत काही बोलली नाही. मग एके दिवशी जेवताजेवता तिनं एसटी स्टँडवरची घोषणा जशीच्या तशी म्हटली, गाडी कोणत्या फलाटावर लागली आहे त्यासकट, आणि पुन्हा भाकरी खायला लागली. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, याला स्वमग्नता म्हणतात, ऑटिझम. हा आजार नव्हे, पोरीची घडणच अशी आहे. दीपमालाची सासू धुरपदाबाई यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "मग्न हाय तर राहू द्या की," त्या म्हणाल्या. "आमाला तर तेवढी बी सवड मिळाली न्हाय."

अक्षदाचं सगळं क्रमानं चालतं. दुधाच्या डब्याचं झाकण दोनदा वाजलं की मगच दूध. आधी डावी चप्पल, मग दाराची कडी, मग उजवी चप्पल. क्रम ठरलेला असला तर ती पोरगी डोंगर चढून जाईल. क्रम मोडला की मात्र जमिनीवर आडवी, कानांवर हात, आणि आवाज असा की चार घरांपलीकडची म्हैस पान्हा चोरते.

घरच्यांना घडण कळली होती, पण सरकारदरबारी घडण चालत नाही, टक्के लागतात. सरकारी दवाखान्यातल्या बोर्डानं तपासून दिव्यांगपणाचे चाळीस किंवा त्याच्या वर टक्के लिहिले तर दाखला. दाखला असला तर तहसीलच्या मासिक अनुदानाचा अर्ज पुढं सरकतो, एसटीचं तिकीट नावापुरतं लागतं, आणि सोलापूरला जिथं अक्षदाला बोलायला शिकवतात तिथं महिन्यातून एकदाच्या ऐवजी आठवड्यातून दोनदा जाता येतं. चाळीसच्या खाली आलं की सगळं मुसळ केरात. अक्षदाचा बाप बालाजी दूध केंद्रावर कामाला होता आणि हे चाळीस त्याच्या डोक्यात इतकं बसलं होतं की दूध मोजतानाही एकोणचाळीस म्हटलं की त्याचा जीव खालीवर व्हायचा.

धाराशिवला बुधवारी बोर्ड बसायचा. पहिल्या तारखेला अक्षदानं व्हरांड्यातली गर्दी पाहिली आणि फरशीवर अंग टाकलं. तपासणाऱ्या मॅडम स्वतः बाहेर आल्या, खाली बसून पाहिलं आणि म्हणाल्या की अशा वेळी तपासणं पोरीवर अन्याय होईल, दुसरी तारीख घ्या. दुसऱ्या तारखेला ती दारापर्यंत गेली, आतल्या पंख्याची टकटक ऐकली आणि चौकटीला जी मिठी मारली ती सुटेना. एका बाजूनं दीपमाला ओढत होती, दुसऱ्या बाजूनं बालाजी, आणि दीपमाला इतकी हसत होती की तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दारावरचा शिपाई म्हणाला, "ताई, हसताय काय, पोरीला धरा." तिसरी तारीख मिळाली ती तीन महिन्यांनंतरची.

"मॅडमचं काय चुकलं," बालाजी घरी येऊन म्हणाला. "पोरगी दिसलीच न्हाय त्यास्नी. ह्या बारीला बी असंच झालं तर?"

मग बब्रुवान म्हणाले, "तिला ठाऊक न्हाय म्हणून ती भेती. ठाऊक करून देऊ. बोर्ड घरीच बसवू."

दीपमालाला वाटलं मामा, म्हणजे सासरे, चेष्टा करताहेत. पण बब्रुवान एका पतसंस्थेत सव्वीस वर्षं शिपाई होते आणि कचेरीच्या बाबतीत त्यांनी जन्मात कधी चेष्टा केली नव्हती. बुधवारी जेवणं झाल्यावर त्यांनी ओसरीवर टेबल मांडलं, इस्त्रीचा सदरा घातला आणि आयुष्यात पहिल्यांदा टेबलाच्या साहेबाकडच्या बाजूला बसले. बसल्यावर त्यांनी खुर्चीच्या दोन्ही हातांवरून दोनदा हात फिरवला. खुर्ची आवडली असावी.

बालाजीला त्यांनी दाराशी स्टुलावर बसवलं. "शिपाई जागेवर नसला की ती कचेरीच न्हाय," ते म्हणाले, आणि बालाजीनं पाय हलवला तरी त्याच्याकडे डोळे वटारून बघायला लागले. धुरपदाबाई नर्स. त्यांनी खांद्यावर पांढरा टॉवेल टाकला आणि नावं पुकारायचं काम घेतलं. बाकावर रांगेला शेजारचा धोंडीबा आणि गल्लीतल्या दोन बाया. पंख्याची टकटक व्हावी म्हणून पात्याजवळ पुठ्ठ्याचा तुकडा लावला. आणि टेबलावर शिक्का.

हा शिक्का म्हणजे बब्रुवानांची एकमेव मिळकत. पतसंस्था गुंडाळली त्या दिवशी हा तारखेचा शिक्का कचऱ्याच्या टोपलीत पडलेला, तो त्यांनी विचारून घरी आणला होता. त्याची चाकं गंजून बसलेली. कधीही मारा, बारा ऑगस्ट दोन हजार अकरा.

क्रम ठरला. नर्स नाव पुकारणार. आत यायचं, बसायचं. साहेब चार प्रश्न विचारणार: नाव? वय? गाव? काय तरास हाय? मग शिक्का धाडकन. मग साहेब म्हणणार, "पुढचा," आणि उठायचं. कसं करायचं ते दाखवायला दर वेळी धुरपदाबाई टॉवेल बाजूला ठेवून पहिल्यांदा स्वतःच बसायच्या.

पहिल्या बुधवारी अक्षदानं हा सगळा कारभार ज्वारीच्या कणगीमागून पाहिला. दुसऱ्या बुधवारी बाकाच्या टोकाशी येऊन बसली. चौथ्या बुधवारी खुर्चीवर. सहाव्या बुधवारी तर जेवण अर्धं टाकून तिनंच स्टूल ओढत आणलं आणि बापाला त्याच्यावर बसवलं. दीपमाला स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पदरात तोंड खुपसून हसत होती, आणि या वेळी ते साधं, आनंदाचं हसू होतं.

गल्लीलाही त्याचा नाद लागला. वरच्या आळीतली माणसं बुधवारी मुद्दाम यायला लागली. कुणी सुनेचं गाऱ्हाणं सांगायचं, कुणी पित्ताचं. धोंडीबाचा गुडघा खरंच दुखत होता. त्याच्या हातातल्या चिठ्ठीवर शिक्का पडला की तो तारीख वाचून म्हणायचा, "बरोबर हाय, साहेब. तवा म्या ठणठणीत होतो."

तीन महिने बघता बघता गेले. तिसऱ्या तारखेला अक्षदा धाराशिवच्या व्हरांड्यात अशी आली जशी काही सासुरवाशीण माहेरी आली. बाकावर बसली. नाव पुकारल्यावर उठली. पंख्याकडे पाहिलं, टकटक ओळखीची निघाली. खुर्चीवर बसून हात मांडीवर ठेवले. बालाजी भिंतीला टेकला आणि त्यानं डोळे मिटले. बब्रुवान बाहेरच थांबले होते, खऱ्या शिपायाशेजारी.

"नाव काय तुझं?" मॅडमनी विचारलं.

"अक्षदा बालाजी."

"वय किती?"

"आठ वर्ष."

"कुठल्या गावाहून आलीस?"

"तेर."

मॅडमनी चष्मा वर केला. दोन वेळा फरशीवर लोळलेली पोरगी ती हीच का, म्हणून त्यांनी कागद पुन्हा पाहिला. मग प्रेमानं विचारलं, "काही त्रास होतो का, बाळा?"

"काय न्हाय, साहेब," अक्षदा म्हणाली.

हे उत्तर धुरपदाबाईंचं होतं. चाळीस वर्षं संसारात कुणीही काहीही विचारलं तरी ती बाई हेच सांगत आली, आणि ओसरीवरही दर बुधवारी पहिल्यांदा बसून हेच सांगत होती. नातीनं ते सुरासकट उचललं. घरातल्या एकाही शहाण्याच्या हे लक्षात आलं नव्हतं. बारा बुधवार राबून त्यांनी पोरीला काय शिकवलं, तर टक्के द्यायला बसलेल्या बोर्डाला ठणकावून सांगायचं, की मला काहीसुद्धा झालेलं नाही.

बालाजीचे डोळे खाडकन उघडले. दीपमाला हसायला लागली. तोंड दाबलं तर नाकातून हसू आलं. "मॅडम," ती कशीबशी म्हणाली, "हे आमी शिकवलंय. आमचे मामा साहेब हुत्यात. दर बुधवारी. आमचा धोंडीबा बी असतोय. गुडघा हाय त्याचा." जितकं सांगावं तितकं ते खोटं वाटायला लागलं.

मॅडम अक्षदाकडे वळल्या. "अक्षदा, तुला खायला काय आवडतं?"

"अक्षदा बालाजी."

"शाळेत कोण कोण आहे?"

"आठ वर्ष."

"आई कुठं आहे?"

"तेर," अक्षदा म्हणाली. आई हातभर अंतरावर उभी होती.

मॅडमनी पुढचा प्रश्न विचारण्याआधीच तिनं "काय न्हाय, साहेब" म्हणून टाकलं आणि टेबलाकडे बघत बसली. मॅडमनी पेन उघडलं. त्यानंतर एक तास त्यांनी पोरीला ठोकळे दिले, चित्रं दिली, हाका मारल्या, आणि दीपमालाला एकामागून एक प्रश्न विचारले. डोळ्यात बघते का, कुशीत येते का, दुखलं तर सांगते का. दीपमाला उत्तरं देत होती आणि मधूनमधून फसकन हसत होती.

"तुम्हाला पहिल्यांदा आई कधी म्हणाली?"

"अजून न्हाय," दीपमाला म्हणाली आणि जोरात हसली.

मॅडमचं पेन थांबलं. "हसताय?"

"मला रडू आलं की असंच हुतंय, मॅडम. म्या काय करू."

मॅडमनी लिहिलं, सही केली आणि म्हणाल्या, "झालं. निकाल ऑनलाइन कळेल."

पण अक्षदाचं झालं नव्हतं. "शिक्का," ती म्हणाली. बालाजीनं हात धरला तसा तिनं टेबल धरलं. "शिक्का. शिक्का. शिक्का." आवाज चढायला लागला. मॅडमनी इकडंतिकडं पाहिलं. शिक्के सगळे पलीकडच्या खोलीत. तेवढ्यात दार किलकिलं झालं. चपला बाहेर काढून, मान खाली घालून बब्रुवान आत आले, अगदी सव्वीस वर्षं येत होते तसे. खिशातून त्यांनी शिक्का काढला, शाईचं पॅड काढलं, दोन्ही मॅडमच्या पुढं ठेवलं आणि दोन पावलं मागं सरून उभे राहिले.

"कोऱ्या कागदावर बी चालतंय, साहेब," ते म्हणाले. "पण आवाज आला पायजे."

मॅडमनी कोऱ्या कागदावर धाडकन शिक्का मारला. तारीख वाचली. आणि मग त्याही हसायला लागल्या. खुर्चीत मागं रेलून, चष्मा काढून हसल्या, बाहेरचा शिपाई डोकावून गेला तरी हसतच होत्या. अक्षदा मात्र बसूनच. "पुढचा," तिनं मॅडमना आठवण करून दिली.

"हो, हो. पुढचा," मॅडम म्हणाल्या. तेव्हा कुठं अक्षदा उठली.

त्यानंतर वाट बघणं आलं. बालाजी रोज दूध केंद्रावरून परस्पर सेतू केंद्रात जायचा आणि रोज तेच ऐकून यायचा की अजून दिसत नाही. एक आठवडा, तीन आठवडे, पाच आठवडे. पोरगी इतकं नीट बोलली त्याचे किती टक्के कापले असतील याचा हिशोब करून करून तो वाळला. बोर्डाचं काम झालं तरी ओसरीवरचा बोर्ड काही बंद करता आला नाही. बुधवार उजाडला की अक्षदा स्टूल ओढायचीच, आणि धोंडीबाचा गुडघा अजून दुखतच होता.

सहाव्या बुधवारी धोंडीबा आत बसायच्या बेतात असताना बालाजी आला. स्टुलावर बसला नाही. सायकल अंगणात तशीच टाकली. "पंच्याहत्तर," तो म्हणाला. "पंच्याहत्तर टक्के लिवलंय."

बब्रुवान खुर्चीवरून उठले ते थेट देवापाशी गेले. धुरपदाबाई टॉवेलानं डोळे पुसत साखर शोधायला आत पळाल्या. धोंडीबानं बालाजीला मिठी मारली. दीपमालाला हसायचं होतं. एवढ्या आनंदाला हसायचं नाही तर कधी? तिनं तोंड उघडलं आणि हुंदका आला. इतक्या वर्षांचं सगळं एकदम आलं. ती साहेबांच्या समोरच्या खुर्चीवर मटकन बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली.

इकडं बोर्ड अर्धवट पडला होता. साहेब जागेवर नाहीत, शिपाई जागेवर नाही आणि खुर्चीवर माणूस येऊन बसलेलं. अक्षदानं हे थोडा वेळ पाहिलं. मग ती टेबलाला वळसा घालून गेली आणि बब्रुवानांच्या खुर्चीवर बसली. तिथं ती कधीच बसली नव्हती.

"नाव?" तिनं आजोबांच्या आवाजात विचारलं.

दीपमालानं पदर डोळ्यांवरून काढला. "दीपमाला बालाजी."

"वय?"

"बत्तीस."

"गाव?"

"तेर."

"काय तरास हाय?"

हे दीपमालाला कुणी विचारलं नव्हतं. बोर्डानं नाही, सोलापूरच्या डॉक्टरांनी नाही, ओसरीवरच्या इतक्या बुधवारांत साहेबांनीसुद्धा नाही, कारण ती कधी रांगेत बसलीच नव्हती. सांगायला बसली असती तर संध्याकाळ झाली असती. तिनं समोरच्या साहेबाकडं पाहिलं. साहेबाचे पाय जमिनीला पुरत नव्हते.

"काय न्हाय, साहेब," ती म्हणाली, आणि तेवढ्यापुरतं ते अगदी खरं होतं.

अक्षदानं आईचा हात ओढून टेबलावर उताणा धरला. एरवी ती कुणाच्या हाताला आपणहून शिवत नाही. तिनं शिक्का पॅडवर दाबला आणि तळव्यावर धाडकन मारला. बारा ऑगस्ट दोन हजार अकरा. दीपमालाला खुदकन हसू आलं.

"पुढचा," अक्षदा म्हणाली.

दीपमाला उठली, आणि धोंडीबा गुडघा धरून पुढं सरकला.