कन्व्हर्टर आणि एक जादा ठोका

परभणीत कन्व्हर्टर मागितला की इन्व्हर्टर दाखवतात. विजेचा भरवसा नाही म्हटल्यावर दुकानदारांचं तरी काय चुकलं? पण चौथ्या दुकानातही तेच झालं, तेव्हा मी तिथल्या स्टुलावर बसकण मारली आणि पाणी मागितलं. “गाडीतल्या टेपचा हो,” मी म्हणालो. “सीडीवरचे आकडे घेऊन त्यांचा आवाज करणारा डबा असतो, जुना.” दुकानदारानं पाण्याचा ग्लास पुढं केला. “काका, ब्लूटूथ लावा की. खामखा कशाला बेजार व्हायलाव?”

बेजार मी झालोच होतो. माझी गाडी एका हौशी डॉक्टरांकडून घेतलेली. त्यांनी परदेशातून आणलेला हा डबा सीटखाली बसवून घेतला होता. गाडी आली तेव्हापासून मी तिच्यात एकच सीडी ऐकत आलो, आमच्या गावच्या भजनी मंडळाची. तिच्यात मी गात नाही, माझा गळा फाटका. मागच्या रांगेत टाळ माझ्याकडे होता. तिसऱ्या भजनाच्या शेवटी सगळे थांबले आणि माझा एक ठोका जादा पडला. मंडळींनी त्यावरून मला वर्षानुवर्षं छळलं. आता त्यातले बरेचजण गेले. छळायला कोणी उरलं नाही म्हणून की काय, तो ठोका मला आवडायला लागला. त्या सीडीत मी आहे, याची तेवढीच खूण.

तोच ठोका ऐकू येईना. आधी टाळ मंद झाला, मग गेलाच. सीडी फोनवर उतरवून घेतली, तर तिथंही नाही. पण फोनच्या एवढ्याशा स्पीकरकडून काय अपेक्षा ठेवायची? दोष डब्याचाच, हे मी ठरवून टाकलं होतं.

शेवटी पूर्णेला गेलो. डबा ज्यांनी बसवला ते रेल्वेतून निवृत्त झालेले मिस्त्री तिथं राहतात. त्यांनी सीडी लावली, डोळे मिटून ऐकली. “डबा ठीक हाय. आवाज लय साफ यायलाय की.” मला रागच आला. मी हटत नाही म्हटल्यावर ते म्हणाले, “असे दोनच डबे बसवले मी. दुसरा झरीला हाय. असंल तर बघा.”

झरीला तीन खेपा झाल्या. पहिल्या वेळी मालक लग्नाला गेलेले, दुसऱ्या वेळी सोयाबीन काढायला. तिसऱ्या वेळी भेटले. त्यांची गाडी गोठ्यामागे, चाकं नसलेली, आणि मागच्या सीटवर कोंबड्या बसलेल्या. त्यांनी सीटखाली हात घालून डबा उपटून दिला. “न्या. कोंबड्यायला काय गाणं लागतंय?” एवढं शोधून मिळाला, पण आनंद काही झाला नाही. कंबर दुखत होती.

मिस्त्रींनी डबा बसवून दिला. घरी आलो, गाडी अंगणात लावली आणि बायकोला बोलावून शेजारी बसवलं.

“सोताचाच टाळ ऐकायला एवढी वणवण,” ती म्हणाली. “असं कुणी करतं का?”

तिसरं भजन लागलं. संपत आलं. सगळे थांबले. माझ्या कानावर काहीच आलं नाही, आणि बायको खुदकन हसली.

“पडला बघा! अजून तसाच चुकायलाय.”

“तुला आला ऐकू?”

“आता? रोजच यायचा की, गाडी अंगणात वाजायची तवा सैपाकघरात बी. तुमाला न्हाई का आला?”

मी आजवर तिला हे विचारलंच नव्हतं. दुकानं पालथी घातली, झरीच्या कोंबड्या उठवल्या, पण घरात विचारलं नाही.

“आला की,” मी म्हणालो.

मग तेच भजन पुन्हा लावलं. या वेळी टेपकडे लक्ष दिलं नाही. ती कधी हसते, ते बघत बसलो.