डोंगरातल्या देवीची ओटी

होडी नदीतून संथ चालली होती. दोन्ही बाजूंना चुनखडीचे उभे डोंगर, त्यांच्या अंगावर बौद्ध मंदिरं, आणि वल्हवणारी बाई चक्क पायांनी वल्हवत होती. व्हिएतनामचं एवढं देखणं रूप समोर असून माझी नजर मात्र धाकट्या जावेच्या मांडीवरच्या पिशवीवर. तिच्यात नारळ, तांदूळ आणि ग्वाल्हेरच्या टोपी बाजारातून घेतलेला हिरवा खण होता. वर गुहेत एक देवी आहे असं तिनं ऐकलं होतं. देवी म्हटली की ओटी भरायचीच, मग ती बुद्धाच्या घरची का असेना!

आमचे हे गेल्यापासून घरी महालक्ष्म्यांची ओटी तीच भरते. मला कुणी मना केलं नाही. थोरली मी, पण ताट आपोआप तिच्याकडे जाऊ लागलं. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघते आणि जळते. खरंच जळते. देवीलाही मी नकोशी झाले का, हा प्रश्न इथवर माझ्यासोबत आला होता.

माना वाकवून गुहांखालून गेलो, होडी मंदिराच्या पायथ्याशी लागली. चार पायऱ्या चढून धाकटी मटकन बसली. "वहिनी, गुडघ्यानं जवाब दिला हो. तुम्हीच भरून या ना."

हिचं उरलेलं काम माझ्या वाट्याला, असं पुटपुटतच मी चढले. गुहेत गारवा होता, पांढऱ्या दगडाची शांत देवी होती. खण उलगडला आणि हात थांबला. इथे मला ओळखणारं कुणी नव्हतं, तरी थांबला. सगळं तिच्या पायाशी ठेवून म्हटलं, "आई, तुझं तू घे. मला नाही जमत," आणि मागे सरले.

तेवढ्यात मुंडण केलेली एक वृद्ध भिक्षुणी पुढे आली. तिनं खण-नारळ नीट मांडला, देवीपुढचं संत्रं उचललं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. तिथे प्रसाद असाच देतात, हे मागाहून कळलं. मी सवयीनं पदर पसरला. किती वर्षांनी! ती हसली. संत्रं पदरात पडलं, मग आणखी एक, मग केळी. मला रडू आवरेना.

खाली आले तर धाकटीचा चेहरा उतरला. "इतकं सारं? आणि मी इथे बसून राहिले!" तो सूर माझ्या चांगलाच ओळखीचा होता. होडीत मी तिला पदर पसरायला लावला आणि अर्धी फळं तिच्या ओटीत घातली.

यंदा महालक्ष्म्यांना ओटीचं ताट मीच उठून घेतलं. धाकटी कुंकवाची कोयरी घेऊन शेजारी उभी राहिली. आई, त्या दिवशी मी सगळं तुझ्यावर टाकून मागे सरले, तेव्हाच तुला मला जवळ बोलावता आलं.