बारा शॉर्ट

माणसात जे आहे त्याकडे ढुंकूनही न बघता जे नाही तेवढंच हुडकणारा माणूस अख्ख्या भिवंडी तालुक्यात एकच, आणि तो नेमका आमच्या ताईच्या पदरात पडला. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. मी म्हणते, बाकीच्या नवांनी मिळून छळलं असतं तरी परवडलं असतं. हे आमचे भावोजी दापोड्याच्या एका गोदामात स्टॉक सुपरवायझर आहेत. आलेला माल मोजायचा, गेलेला माल मोजायचा, आणि मध्ये काही गळालं असेल तर ‘शॉर्ट! शॉर्ट!’ म्हणून बोंब ठोकायची, ही त्यांची ड्युटी. ड्युटी संपल्यावर माणसानं घरी यावं, चहा प्यावा, बायकोशी दोन शब्द गोड बोलावेत. हे घरी येऊन माणसं मोजतात. ताईला बघायला आले तेव्हा तिचं नाव विचारायच्या आधी त्यांनी तिची नखं बघितली आणि शेजारी बसलेल्या आपल्या मामांना म्हणाले, "मुलगी पसंत आहे. लोह शॉर्ट आहे, पण ते भरून काढू." आमचे बाबा तेव्हा होते. त्यांचा चेहरा पडला. "अहो, लोखंडाचं काय घेऊन बसलात? आम्ही सोनं घालतोय!"

त्यानंतर आमच्या घरात कुणाचीही जीभ आपल्या तोंडात सुखानं राहिली नाही. भावोजी दारात आले की आधी चष्मा काढून पुसायचे आणि मग "हं, जीभ." जीभ झाली की डोळ्याची खालची पापणी ओढून बघायची, मग नखं. मी शाळेत शिकवते. दिवसभर साठ पोरांपुढे ओरडून घरी आलेली बाई दमलेली दिसणारच ना? पण नाही! "मेव्हणीबाई, तुमच्यात डी शॉर्ट आहे." अहो, भिवंडीत धूळ आहे, खड्डे आहेत, लूमचा खडखडाट आहे, पण ऊन कमी आहे असं कुणी म्हटलेलं मी तरी ऐकलं नव्हतं. ताईला तर त्यांनी एका उन्हाळ्यात पापडांबरोबर गच्चीवर बसवली होती. पापड वाळले, ताई काळवंडली, आणि हे खालून विचारतायत, "दोन्ही बाजूंनी झालं का?" गोदामातही तीच तऱ्हा. एकदा मी डबा द्यायला गेले होते, तर समोर कंटेनर उभा, ड्रायव्हर पावतीसाठी खोळंबलेला, आणि भावोजी त्याला म्हणतायत, "अरे भाई, जीभ दिखाओ." तो बिचारा भांबावून म्हणाला, "साहब, माल गाड़ी में है, मुँह में नहीं."

एवढ्यावर भागलं असतं तर मी म्हटलं असतं, चला, घरोघरी मातीच्या चुली. पण या व्हिटॅमिनांच्या जोडीला त्यांनी मेडिक्लेमही बांधून घेतला होता. त्या पॉलिसीची फाइल देवघराच्या खालच्या कप्प्यात असते. पाहुणा आला की पोहे, चहा आणि पॉलिसीतली कलमं. लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस जिलबी तोंडात घालतो न घालतो तोच हे विचारणार, "तुमच्या पॉलिसीत वर्षाची फुकट तपासणी आहे ना? केली का? नाही केली? अहो, मग ती काय श्राद्धाला ठेवलीय?" लोकांना वाटायचं, हा माणूस एजंट आहे. दोन-तीन जण तर त्यांना बघून रस्ता बदलायचे. ते एजंट असते तर मी समजू शकले असते, पोटासाठी माणूस काय काय करतो. पण यांना त्यातून फुटकी कवडी मिळत नव्हती! हे निव्वळ हौसेनं लोकांना पिडत होते.

आणि गंमत बघा, त्याच पॉलिसीनं त्यांना एकदा चांगलं तोंडावर पाडलं. व्हिटॅमिनच्या बाटल्यांचं बिल यांनी ऐटीत पाठवलं, ते तसंच्या तसं परत आलं. टॉनिक, व्हिटॅमिन, खनिजं अशी आपल्या मनानं घेतलेली औषधं पॉलिसीत बसत नाहीत. दवाखान्यात दाखल असताना डॉक्टरांनी लिहून दिली तरच बसतात. मला इतका आनंद झाला की मी ताईकडे मुद्दाम पेढे घेऊन गेले. भावोजींनी पेढा खाल्ला, कलम पुन्हा वाचलं आणि म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. दाखल व्हायला पाहिजे." या माणसाला लाज कशी ती आणता येत नाही.

बाबा गेल्यावर आमची आई दापोड्याला एकटीच राहिली. आजूबाजूच्या शेतांची गोदामं झाली, तिचं घर आणि घरामागचा वालाच्या वेलांचा तुकडा तेवढा मध्ये उरला. भावोजींनी काय करावं? सासूच्या नावानं ज्येष्ठांची पॉलिसी काढली. जुन्या दुखण्यांना अशा पॉलिसीत काही काळ थांबावं लागतं, तो काळ सरला त्या दिवशी हे नारळ घेऊन आईच्या दारात. "आई, तुमचा वेटिंग पिरियड संपला!" आई अंगणात भांडी घासत होती. तिनं हातातली राख झटकली. "म्हंजे काय, जावयबापू? माझी वाट बघायची संपली? मी काय एवढ्यात जानार न्हाय, सांगून ठेवते."

पण आईचं काहीतरी बिनसलं होतं. पायातली चप्पल वाटेत निसटायची आणि तिला पत्ताच नसायचा. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी, अशी घरी यायची. आम्ही हसायचो. वय झालं, दुसरं काय. मग एका रविवारी आम्ही सगळे अकलोलीच्या गरम कुंडांवर गेलो. तिथलं पाणी असं की पायाचा अंगठा बुडवला तरी माणूस ‘हाय हाय’ करून उडी मारतो. मी कडेला बसून कसाबसा एक पाय घातला नि काढला. आई आली, दोन्ही पाय घोट्यापर्यंत सोडून निवांत बसली आणि म्हणाली, "पानी काय गरम न्हाय गो आज." बाजूच्या बायकांनी हात जोडले. "आजींची केवढी श्रद्धा!" मलाही अभिमानच वाटला. भावोजींनी मात्र चष्मा न पुसताच धाव घेतली आणि आईला काखेत धरून मागे ओढलं. तिचे पाय लालबुंद झाले होते. ती पायांकडे नुसती बघत राहिली. "हे कवा झालं?"

दुसऱ्या दिवशी पॉलिसीतल्या त्या फुकट तपासणीसाठी हे तिला घेऊन गेले, आणि डॉक्टरांच्या मागे लागून त्यात बी-बारा व्हिटॅमिनची तपासणी वाढवून घेतली. इथवर सगळं ठीक. रिपोर्ट यांच्या मोबाइलवर आला तेव्हा हे गोदामात होते. शहाण्या माणसानं काय केलं असतं? घरी येऊन, जवळ बसून सांगितलं असतं. यांनी हॉर्न आणि हमालांच्या ओरड्यात उभं राहून फोन लावला आणि ओरडले, "आई, रिपोर्ट आला! तुमचा बारा शॉर्ट आहे! फार शॉर्ट! मी येतो, तोवर कुठं जाऊ नका!"

आता मला सांगा, दापोड्यात राहणाऱ्या बाईला ‘बारा’ म्हटल्यावर काय आठवणार? सातबारा! त्यातून शेजारच्या गोदामवाल्यानं त्याच आठवड्यात मोजणी आणली होती. साखळी धरून माणसं आईच्या कुंपणापर्यंत येऊन गेली होती. रिपोर्ट आला, बारा शॉर्ट आहे, म्हणजे मेल्यांनी आपली जमीन खाल्ली! पुढचं ‘मी येतो’ तिनं ऐकलंच नाही. फोन चुलीशी टाकून ती तलाठ्याकडे निघाली. "माझा बारा कुनी कमी केला त्याला बघतेच," असं शेजारणीला सांगून गेली. कंटेनरच्या रांगेतून, जमीन पायाला लागतेय की नाही हे न कळणारे ते पाय टाकत. मोरीपाशी तोल गेला आणि ती खाली गटारात पडली. तिला वर काढलं भावोजींच्याच गोदामातल्या हमालांनी.

मी दवाखान्यात पोचले तेव्हा आईच्या मनगटाला प्लॅस्टर घालत होते. माझी जीभ त्या दिवशी जी सुटली ती सुटली. "तुमचं ते शॉर्ट आणि लाँग जळो मेलं! मारली असतीत माझ्या आईला!" डॉक्टर आले, पायाला टाचणी टोचून बघितली, रिपोर्ट वाचला. म्हणाले, मनगट जुळेल. पण बी-बारा इतकं कमी आहे की पायाच्या नसा बधिर झाल्यात. इंजेक्शनं आजपासूनच सुरू करू. पायांतली जाण परत येईल की नाही हे काही महिन्यांनी कळेल. आणखी उशीर झाला असता तर आशाच नव्हती. "आजी, खाता काय तुम्ही?" आई म्हणाली, "भात, आमटी. लोनचं हाय." भिंतीकडे बघत भावोजी म्हणाले, "बाबा गेले त्या दिवसापासून त्यांनी म्हावरं-मटण सोडलंय, डॉक्टर. अंडंही नाही. दूध फक्त चहापुरतं."

पैशाचं मला कुणी विचारलंच नाही. मी पर्स धरून कॅशलेसच्या खिडकीशी गेले तर तिथं हे आधीच उभे. देवघराच्या कप्प्यातली ती फाइल उघडी, आणि खिडकीतला मुलगा यांना विचारतोय, "काका, तुम्ही एजंट आहात का?" प्लॅस्टर, नसांच्या तपासण्या, खोलीचं भाडं, आणि हो, ती व्हिटॅमिनची इंजेक्शनंसुद्धा, डॉक्टरांच्या सहीनिशी, सगळं मंजूर झालं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला गाठ पडते तसलं काहीतरी, असं मी ताईला सांगितलं. ताई म्हणाली, "गप बस."

आई घरी आली. इंजेक्शनं चालू राहिली, त्यासाठी तिला न्यायला-आणायला हेच. पण या सगळ्यात भावोजींचं काहीतरी हरवलं. ते यायचे, पायरीवर बसायचे, आईच्या पायांकडे बघायचे. आई विचारायची, "काय जावयबापू, जीभ दावू?" तर नुसती मान हलवायचे. ‘शॉर्ट’ हा शब्द त्यांच्या तोंडून गेला तो गेलाच.

थंडी सरत आली तेव्हा आईनंच हट्ट धरला, अकलोलीला चला. भावोजी नको नको म्हणत होते. कुंडापाशी त्यांनी आधी आपला हात घालून पाणी बघितलं, मग आईचा दंड घट्ट धरला, आणि तिनं एका पायाची बोटं हळूच पाण्यात सोडली.

"आई आई गं! मेले, मेले! भाजलं ना रं!"

तिनं जो पाय झटकला त्यात भावोजींचा चष्मा उडाला. आणि हा एवढा थोराड माणूस, अख्ख्या गोदामाला धाकात ठेवणारा, ओल्या पायरीवर बसून हुंदके देऊन रडायला लागला. आई पाय चोळत ओरडतेय, "अहो जावयबापू, भाजलंय मला, तुम्ही काय रडताय?"

"भाजू दे, आई," ते म्हणाले. "भाजू दे, भाजू दे."

गेल्या रविवारी ते माझ्याकडे आले होते. चहा घेतला, गोदामातली एक गोष्ट सांगितली, पॉलिसीचं नावही काढलं नाही. आपल्या एका शब्दानं आई पडली हे त्यांच्या मनातून अजून जात नाही, ताई सांगत होती. मला मेलं घर रिकामं रिकामं वाटायला लागलं. ते दारात चपला घालायला वाकले तेव्हा मी समोर जाऊन उभी राहिले आणि लहान पोर वेडावून दाखवतं तशी जीभ बाहेर काढली. ते बघतच राहिले. मग खिशातून रुमाल काढून त्यांनी सावकाश चष्मा पुसला.