वाळूच्या ट्रेला तीन टपल्या

आमच्या ह्यांना एक्कावन्नाव्या वर्षी ग्रहांचं भौतिकशास्त्र शिकायचं सुचलं. विद्यापीठात त्याच विभागाच्या प्रयोगशाळेत हे आजवर बावीस वर्षं मदतनीस. दुसऱ्यांना शिकताना बघून बघून ह्यांनाही हुक्की आली. आधी बाहेरून परीक्षा देऊन पदवी घेतली, मग नोकरी सांभाळून एम.एस्सी.ला नाव घातलं. मी म्हटलं, "सगळे ग्रह बघून झाले की घरातल्या गळक्या नळाकडेही एकदा बघा." हे हसले आणि पुस्तकाचं पान उलटलं.

चंद्रावर खड्डे कसे पडले हे कळावं म्हणून तिथे मुलांकडून एक प्रयोग करून घेतात. ट्रेमध्ये वाळू भरायची, वरून लोखंडी गोळी सोडायची आणि पडलेल्या खड्ड्याची रुंदी मोजायची. तो ट्रे बावीस वर्षं हेच भरून देत. वाळू चाळून घ्यायची, पट्टी फिरवून सपाट करायची आणि शेवटी ट्रेच्या कडेला तीन टपल्या द्यायच्या. एक कण वरखाली दिसायचा नाही. मुलं ह्यांना वाळूकाका म्हणायची.

पण इथले खड्डे पुस्तकात दिल्यापेक्षा नेहमी लहान यायचे. आधीचे सर म्हणायचे, मुलांचा हात कच्चा आहे. आताचे सर म्हणतात, आपली वाळूच वेगळी आहे. ह्यांनी प्रबंधाला तोच विषय घेतला. वर्षभर वाळूचे कण मोजले, चारशे वेळा गोळी सोडली आणि ऐंशी पानं लिहून सिद्ध केलं की दोष वाळूचा आहे. तोंडी परीक्षेला आठ दिवस राहिले.

त्या रविवारी ह्यांनी मला परीक्षक करून समोर बसवलं. घरात वाळू मी येऊ देईना, म्हणून परातीत पीठ घेतलं. पट्टी फिरवली आणि सवयीने परातीला तीन टपल्या दिल्या.

"टपल्या कशाला मारताय? पीठ दबून बसेल," मी म्हटलं. "डबा भरताना मी आपटते तो त्यासाठीच, जास्त मावावं म्हणून. दबलेल्या पिठात गोळी काय रुतणार?"

हे गोळी हातात धरून तसेच बसले. मग पीठ मोकळं करून गोळी सोडली आणि खड्डा मोजला. टपल्या देऊन पुन्हा सोडली. असं दहा वेळा केलं; टपल्या दिल्या की दर वेळी खड्डा लहान. माझी शिवणकामाची टेप पिठाने माखली. मला वाटलं, आता माझं कौतुक होणार. पण ह्यांचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तो काही पिठाने नव्हे. ऐंशी पानांत टपल्यांबद्दल एक ओळ नव्हती. चहा ढवळला हे कोणी लिहून ठेवतं का?

सोमवारी ह्यांनी प्रयोगशाळेत टपल्या न देता चाळीस वेळा गोळी सोडली. आकडे पुस्तकाशी जुळले. वाळूत काहीच खोट नव्हती.

"आता गप्प बसा," मी म्हटलं. "झाकली मूठ सव्वा लाखाची. परीक्षकांना काय स्वप्न पडणार आहे?"

"प्रबंध खोटा ठरतोय."

"तुम्ही मुद्दाम केलंत का?"

"तेव्हा नाही केलं. आता गप्प बसलो तर मुद्दाम होईल."

मला संताप आला. इतकी वर्षं घर मी एकटीने ओढलं, ते काय हे ऐकायला? दोन दिवस मी ह्यांच्याशी बोलले नाही. ते ह्यांच्या लक्षात आलं की नाही कोण जाणे, कारण हे मुळातच कमी बोलतात.

ह्यांच्या परीक्षेला मात्र मी गेले. मला मागच्या बाकावर बसू दिलं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई चाळिशीच्या आतल्याच होत्या. हे उभे राहिले आणि पहिलंच वाक्य बोलले, "माझा निष्कर्ष चुकला आहे." मग सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढून उगाच पुसला.

"टपल्या किती वर्षं देताय?" बाईंनी विचारलं.

"बावीस."

बाईंनी समोरचा प्रबंध मिटला. मग म्हणाल्या, "सोळा वर्षांपूर्वी मी इथेच शिकत होते, काका. ट्रे तुम्हीच भरून द्यायचात. माझा खड्डा लहान यायचा, म्हणून तेव्हाच्या सरांनी पाच वेळा प्रयोग परत करायला लावला. पुढे मी प्रयोगच सोडले, गणिताकडे गेले. मला वाटलं, माझा हातच चांगला नाही."

"हात बरोबर होता तुमचा," हे म्हणाले. "चूक माझी होती."

ह्यांनी सोबत आणलेल्या ट्रेमधली वाळू मोकळी केली, पट्टी फिरवली, हात मागे घेतले आणि गोळी बाईंच्या पुढे धरली. बाईंनी ती सोडली. वाकून स्वतःच रुंदी मोजली, पुन्हा एकदा मोजली.

"बरोबर आलं," त्या म्हणाल्या, आणि पट्टी हातात धरून तशाच वाकून राहिल्या.

मला माझी लाज वाटली. ह्यांनी माझं ऐकलं असतं, तर ती बाई जन्मभर स्वतःच्या हाताला दोष देत राहिली असती.

प्रबंध परत केला, नव्याने लिहायला सहा महिने दिले. जिना उतरताना हे माझ्याकडे बघेनात.

"सहाच महिने ना," मी म्हटलं. "घराचं मी बघते. तुम्ही लिहा."