शरयूकाकू, कॉन्टेसा आणि आठशे ग्रॅम गॅस

राइट टाउनमध्ये मी ज्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहते, त्या शरयूकाकू बत्तीस वर्षं फिजिक्स शिकवून निवृत्त झाल्या. शाळा सुटली, शिकवणं सुटलं नाही. दूध उतू जायला लागलं तरी त्या आधी कारण सांगतात, मग शेगडी बंद करतात. त्यांच्याकडे १९८९ची मरून रंगाची कॉन्टेसा आहे आणि गेली पंधरा वर्षं ती त्या स्वतः चालवतात. श्यामसुंदरकाका शेजारी बसतात. उन्हाळ्यात डोक्यावर ओला पंचा ठेवून, कारण गाडीचा एसी २००९ साली बंद पडला तो पडलाच.

गेल्या मे महिन्यात नात्यातल्या साखरपुड्यासाठी काकूंनी घरी चक्का बांधून तीन किलो श्रीखंड केलं. पारा चव्वेचाळीसवर. सिव्हिल लाइन्सला साखरपुड्याच्या घरी पोचेपर्यंत त्या श्रीखंडाचं पियूष झालं होतं. यजमानीणबाईंनी ते पेल्यांतून वाढलं, लोकांनी दोन-दोन पेले घेतले आणि तोंडभरून कौतुक केलं. त्या कौतुकानं काकू जास्तच पेटल्या.

"जन्मभर उष्णता शिकवली," त्या घरी येऊन म्हणाल्या, "आणि तिनंच मला चारचौघांत फजीत केलं!"

दुसऱ्या दिवसापासून एसी दुरुस्त करून देणाऱ्याचा शोध सुरू झाला. चार दुकानदारांनी बोनेट उघडलं, आत पाहिलं आणि हात जोडले. एकजण तर म्हणाला, "आंटी जी, इसको म्यूज़ियम में रखवा दो." पाचव्यानं मात्र गढा भागातल्या अंबादास मिस्त्रीचं नाव सांगितलं.

आम्ही तिथे पोचलो तेव्हा अंबादास एका डंपरखाली होता. काकूंचा आवाज ऐकून तो सरपटत बाहेर आला आणि ताठ उभा राहिला. पंचेचाळिशीचा माणूस, मिशा पिकलेल्या, पण हात मागे बांधलेले.

"मॅडम, वळखलं नाही का? मी अंबादास. अकरावीत तुम्ही मले फिजिक्समध्ये फेल केलं होतं."

"किती मार्क होते?"

"नऊ."

"मग बरोबरच केलं."

"हो जी," अंबादास म्हणाला आणि त्यानं काकूंसाठी खुर्ची पुसली.

काम दहा दिवस चाललं. जुना कॉम्प्रेसर लाल भोपळ्याएवढा निघाला, तो उचलायला दोन माणसं लागली. त्याच्या जागी बसणारा नवीन तर एका हातात मावत होता. काकूंनी तो उलटसुलट करून पाहिला. "एवढासा? हा गाडी गार करणार की टिफिन?" अंबादासनं जुने पाइप, रबराच्या रिंगा, गॅस गार करणारी पुढची जाळी, सगळंच काढलं. जुन्या एसीचा गॅस आता मिळत नाही, आणि नवीन गॅसला जुनं रबर चालत नाही, असं त्याचं म्हणणं. ब्लोअरचं खोकं उघडलं तर आत उंदराचं जुनं घरटं. सगळं कागदाच्या कपट्यांचं. काकू कधीकाळी तपासायला आणायच्या त्या उत्तरपत्रिकांचे कपटे होते ते. त्यांनी चष्मा लावून एक कपटा वाचला.

"हे उत्तर चूक आहे," त्या म्हणाल्या आणि कपटा बाजूला ठेवला.

रोज त्या खुर्चीवर वही आणि थर्मामीटर घेऊन बसत. थांबलेल्या गिऱ्हाइकांच्या तळहातावर सॅनिटायझरचे थेंब टाकून विचारत, "गार लागलं? का लागलं?" डंपरवाला तीन दिवसांत बाष्पीभवन शिकला.

भांडण झालं ते गॅस भरताना. बोनेटखालच्या चिठ्ठीवर एक किलो लिहिलेलं. अंबादास वजनाचा काटा आठशे ग्रॅमवर थांबवायला निघाला.

"काहून थांबलास?" त्याच्यासोबत दहा दिवसांत काकूंची भाषाही घसरली होती.

"मॅडम, नवीन गॅस कमीच लागते. आठशे बस झाला."

"जागा तेवढीच, मग गॅस कमी का?"

"ते सांगता नाही येत जी. हाताले समजते."

"हाताला समजतं, हे उत्तर नाही."

त्याच्याकडे पूर्ण वर्कशॉप होतं, पण समोर मॅडम होत्या. अंबादासनं मान खाली घालून किलोभर गॅस भरला.

आतली गरम हवा निघून जावी म्हणून काचा उघड्या ठेवून गाडी गढ्याच्या बाजारापर्यंत गेली. आधी थंड हवा आली, मग कोमट, मग बाहेरच्यापेक्षा गरम. कॉम्प्रेसर टक् करून बंद व्हायचा, पुन्हा टक् करून सुरू. शेवटी इंजिनाचा काटा लाल रेघेवर गेला आणि आम्ही भाजीच्या ठेल्यांमध्ये थांबलो. काका उतरले आणि शांतपणे उसाचा रस पीत उभे राहिले. अंबादास मागच्या सीटवर अंग चोरून बसला. काकूंनी थर्मामीटर झटकला आणि पुन्हा पाहिला.

पुढचे दोन दिवस त्यांनी कपाटातली पुस्तकं काढली. जेवतानाही वाचलं. तिसऱ्या दिवशी त्या वर्कशॉपमध्ये शिरल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "अंबादास, तुझं बरोबर होतं. माझं चुकलं."

त्याच्या हातातला पाना खाली पडला.

"आता ते का बरोबर होतं, ते सांगते. बस."

तो बसला. डंपरवालाही बसला. जास्तीचा गॅस द्रव होऊन पुढच्या जाळीत साचतो, बाकीच्याला गार व्हायला जागाच उरत नाही, दाब चढतो, हे खडूनं फरशीवर काढून चाळीस मिनिटं चाललं. शेवटी अंबादास खुशीत म्हणाला, "हेच तर मी सांगून राहिलो होतो जी!" मग त्यानं गॅस काढून पुन्हा भरला, आठशे ग्रॅम, आणि जाळीपुढे एक जादा पंखा लावला. काकूंनी एसीच्या झरोक्यापुढे थर्मामीटर धरला. सात डिग्री. त्यांनी थर्मामीटर अंबादासच्या हातात दिला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. त्याचे डोळे भरून आले, म्हणून तो पुन्हा डंपरखाली गेला.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं भेडाघाटला निघालो. सोळा वर्षांनी पहिल्यांदाच गाडीच्या चारही काचा वर. आत गारवा आणि देवघरासारखी शांतता. त्या शांततेत काकूंचा आवाज स्पष्ट ऐकू येऊ लागला.

"अरे ठोंब्या, इंडिकेटर काय शोभेला लावलाय? हो बाजूला, बैलोबा! मेल्या, रस्ता काय तुझ्या सासऱ्याचा आहे?"

हे अखंड, एका लयीत चालू होतं. काका हळूच मागे वळले. चेहरा पांढरा पडला होता.

"इतकी वर्षं वाऱ्याच्या आवाजात काही ऐकूच यायचं नाही," ते मला म्हणाले. "नुसते ओठ हलताना दिसायचे. मला वाटायचं, ही रामरक्षा म्हणते. मी शेजारी बसून हात जोडायचो."