रश्श्यात हरवलेला मासा

बहात्तरचा दुष्काळ सरल्यानंतरची गोष्ट. मी पलटणीत ड्रायव्हर होतो आणि गोव्याच्या किनाऱ्यावर साहेब लोकांच्या मासेमारीच्या क्लबात माझी ड्यूटी लागली होती. रविवारी साहेब मोटारबोटीतून खोल समुद्रात जायचे. मला न्यायचे ते डबे उचलायला. भाल्यासारख्या चोचीचा, बैलाएवढा लांब मासा गळाला लागला की पाण्याबाहेर उभा नाचायचा. साहेब कमरेला पट्टा बांधून त्याच्याशी तासभर झुंजायचे. गळ साहेबांचा, मासा साहेबांचा. ओकाऱ्या तेवढ्या माझ्या.

कुंडलला, माझ्या गावी, रजेवर आलो की पारावरच्या गप्पांत मात्र तो गळ माझ्या हातात यायचा.

"मागल्या रजेला मासा रेड्याएवढा हुता," एक म्हातारा दर वेळी खोड काढायचा. "औंदा हत्तीएवढा झाला व्हय रं?"

मी हसण्यावारी न्यायचो. पण एकदा आबा, म्हणजे माझे वडील, ताडकन उठले.

"माझं पोरगं खोटं बोलत न्हाई. म्होरल्या रजेला मासा हितं घिऊन यील. न्हाई आणला तर मी पुन्यांदा ह्या पारावर बसणार न्हाई!"

आता आली का पंचाईत! आबांना पार सोडला तर दुसरी करमणूक नव्हती.

उन्हाळ्यात, रजेच्या तोंडावर, साहेबांना मासा लागला. डोकं आणि चोच क्लबाच्या भिंतीवर गेली. धड मी मागून घेतलं. ते बर्फाच्या पेटीत मावेना, म्हणून कोयत्याने तुकडे केले आणि ओळखीच्या ट्रकने गाव गाठलं. मासा अख्खा दाखवायचा होता, हे तुकडे झाल्यावर आठवलं.

"ह्ये धा माशांचं तुकडं न्हाईत कशावरनं?" म्हाताऱ्याने पेटीत डोकावून विचारलं.

"आधी खाऊन तर बघा," मी म्हटलं आणि जत्रेचं मटण शिजवणाऱ्या तात्यांपुढे हंडा ठेवला. वर तज्ज्ञासारखं बजावलं, "तात्या, जनावर लय मोठं हाय. बोकडासारखं दोन तास शिजू द्या."

दोन तासांनी झाकण उघडलं तर नुसता तांबडा रस्सा. मासा बेपत्ता.

"आवं, परत समुद्रात गेला जणू!" म्हातारा ओरडला. माणसं हसून लोळायला लागली. आबा मान खाली घालून वहाणा शोधू लागले.

तेवढ्यात तात्यांचा पळा तळाशी खट्‌कन वाजला. वर आला तो माशाच्या कण्याचा मणका, चांगला पेरूएवढा. मग दुसरा, मग तिसरा. म्हाताऱ्याने एक उचलला, धोतराला पुसला, उन्हात धरून बराच वेळ फिरवून पाहिला.

"बोकडाच्या पाठीतबी एवढा मणका नसतो," तो म्हणाला आणि आबांकडे वळला. "बस की खाली, गड्या. उभ्यानं रस्सा पितो व्हय?"

आबा बसले. मणका त्यांनी खिशात टाकला.

बेंदराला, म्हणजे आमच्याकडच्या पोळ्याला, तो आमच्या बैलाच्या गळ्यात घुंगरांबरोबर ओवलेला दिसला. मिरवणूक पाराशी आली तेव्हा आबांनी बैल जरा जास्तच वेळ थांबवला.